जरीकाठी साडी

चिंचवडच्या बसथांब्यावर रोज सकाळी भेटणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही, इतका मला त्यांचा वैताग यायचा. कपड्यांवरून त्या माणूस जोखायच्या. सुती साडी नेसले की मी चिक्कू, नायलॉनची नेसले की नखरेल.

त्या दिवशी मी जरीकाठी नेसले होते.

"आज स्वारी खुशीत! कुणाचं लग्न?"

"आई दवाखान्यात आहे," मी चिडून म्हणाले. "चार दिवस धुणं झालेलं नाही. धुतलेली एवढीच होती."

"तरी जरीकाठी? लोक काय म्हणतील!"

मी तोंड फिरवलं. पिंपरीला दवाखान्यापाशी उतरले, तर त्याही मागोमाग उतरल्या.

"आईजवळ मी बसते. तुम्ही घरी जाऊन धुणं उरका, जरा झोपा," त्या म्हणाल्या, "आणि येताना साधी साडी नेसून या."