दादांचा नवा ब्रश

आमच्या समोरच्या वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की त्यांनी नुसतं "कोण हवंय?" विचारलं तरी पोस्टमन स्वतःचं नाव विसरायचा. त्यांचे यजमान, आमचे दादा, नेमके उलटे. दारावरच्या विक्रेत्याला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. वस्तू घ्यायची, लोखंडी कपाटामागे सारायची आणि विक्रेत्याला बजावायचं, "हिला सांगू नका." बाटल्या धुवायचे ब्रश तर घरात इतके, की बाटल्या कमी पडाव्यात.

दोन वर्षांपूर्वी दादा गेले. मुलीनं धोशा लावला, एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल. वहिनींना घर सोडायचं नव्हतं. पण एक विक्रेता दारात पाय अडकवून अर्धा तास उभा राहिला, आणि मुलीला आयतंच निमित्त मिळालं. मग वहिनींनी तोड काढली. दादांचे बूट पॉलिश करून दाराबाहेर ठेवायचे, आणि बेल वाजली की आत तोंड करून हाक मारायची, "अहो, बघा हो जरा, कोण आलंय." विक्रेता पसार. मी चिडवायचो, वहिनी, हयातीत दादांनी एकाला परतवलं नाही, आता मात्र न बोलता काम फत्ते.

गेल्या मंगळवारी दुपारी ब्रशवाला आला. वहिनींनी हाक मारली, तरी तो हलेना.

"काकांना कशाला त्रास, मॅडम? कालच घेतला त्यांनी. दार किलकिलं करून हात बाहेर काढला." मग जीभ चावून म्हणाला, "तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

सोमवारी वहिनी दिवसभर मुलीकडे होत्या. घराला कुलूप.

तडक माझ्याकडे आल्या. जादा किल्ली माझ्याकडे असते, आणि माझी ख्याती काय सांगावी. विक्रेत्याचा आवाज काढून मी त्यांना दोनदा तरी दाराशी पळवलंय.

"भाऊजी, तुम्हीच ना?" त्या आवाजात एक्स्चेंज उरलं नव्हतं. तो मीच असावा, अशी त्यांना आशा होती.

सोमवारी मी सातपर्यंत छापखान्यात होतो, किल्ली खिशात. तसं सांगितलं. खरं बोलल्याचा इतका पस्तावा मला कधी झाला नव्हता.

दोघांनी मिळून कपाट ओढलं. मागे वीतभर धूळ, आणि धुळीत उभा एक कोरा ब्रश. त्याच्या वेष्टणावर मात्र कणभर धूळ नव्हती.

रविवारी मुलगी बॅगच घेऊन आली. आता तर चलच, म्हणाली. वहिनी खाली बसून बूट पुसत होत्या.

"मी आले तर ह्यांना आवरणार कोण? महिन्याभरात घर ब्रशांनी भरून टाकतील."

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. पुसलेले बूट त्यांनी बाहेर न ठेवता आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवले, माणूस घरी आल्यावर ठेवतो तसे.

मी जादा किल्ली त्यांच्या हातात दिली. म्हटलं, घरात माणूस असताना ती मी कशाला बाळगू?