मागे कोण बसलंय ते गाडीला कळतं

आमच्या ह्यांच्या मोटरसायकलीला मी सोफा म्हणायचे आणि लेकीच्या मोटरसायकलीला स्टूल. लेक चिडायची. "आई, सोफा काय, स्टूल काय! बाबांची टूरिंग आहे, माझी स्पोर्ट-टूरिंग." मी म्हणायचे, अगं बाई, दोन्ही दोन चाकांच्या, दोन्ही लांब जातात, दोन्हींना पेट्या लागतात, मग फरक कसला? ती म्हणायची, "सांगून नाही कळत. बसून कळतं."

बसून काय कळलं ते आता सांगते. घाबरवायला नाही हां. जे झालं ते झालं.

ह्यांनी रिटायर झाल्यावर ती गाडी घेतली. समोर परातीएवढी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, आणि मागे माझ्यासाठी गादीची सीट, वर पाठ टेकायला तक्क्या. हे अगदी ताठ बसायचे, ऑफिसातल्या खुर्चीत बसल्यासारखे. तोंडात कायम लवंग. पुढे काच आणि काचेमागे ह्यांची रुंद पाठ, त्यामुळे मला वारा म्हणून लागायचा नाही. घरात पडदे लावून बसल्यासारखं शांत. एकदा ओंकारेश्वरला जाताना मी मागे बसून मटार सोललेत, खोटं नाही सांगत.

पण त्या आरामाची एक गंमत होती. मागे माणूस आहे की नाही ते त्या गाडीला कळायचंच नाही, एवढी जड! एकदा महूच्या पुढे, जानापावच्या टेकडीखाली एक चहाची टपरी आहे, तिथे थांबलो होतो. मी हात धुवायला गेले आणि हे मला सोडून निघून गेले. टपरीवाला ओरडला, "माताजी, अंकलजी तो गए!" बऱ्याच वेळाने परत आले ते चिडूनच. म्हणे, "मी एवढं बोलतोय, तू उत्तर देत नाहीस, म्हटलं रुसली असशील!"

मी म्हटलं, "रुसले असते तर बोलले असते. मी गप्प कधी बसते का?"

तेव्हापासून नियम झाला. गिअर टाकण्याआधी हे विचारणार, "बसलीस?" आणि मी त्यांच्या उजव्या खांद्यावर तळव्याने दोन थापा देणार. थापा नाहीत तर क्लच सुटणार नाही. लेक त्याच गाडीवर शिकली, तिच्याही अंगात तो नियम भिनला.

मग हे गेले. आम्ही दोघी बड़ा गणपतीच्या देवळाजवळचं घर सोडून शहराबाहेर राऊला फ्लॅटमध्ये आलो. सोफा बरोबर आला. आमचे पूर्वज इथल्या संस्थानच्या सरकारांच्या फौजेतले, त्यांची एक तलवार आहे घरात. खंडेनवमीला ती पूजतो आणि तिच्याबरोबर गाडीही. मी गाडीला हळदकुंकू, हार आणि हँडलवर एक लवंग ठेवते. लेक म्हणते असं कोणी करत नाही. न करू दे.

अडचण जागेची होती. सोसायटीत एका फ्लॅटला एकाच मोटरसायकलीची जागा. तिथे ह्यांची गाडी उभी, आणि लेकीची स्पोर्ट-टूरिंग गेटबाहेर धुळीत. गार्ड रोज म्हणायचा, "मैडमजी, बाहर से कोई उठा ले जाएगा, फिर मुझे मत बोलना." एक गाडी विकायचीच होती. देपालपुरचा एक जण ह्यांच्या गाडीसाठी मागे लागला होता, रविवारी न्यायला येणार होता. लेकीने मला सरळ सांगितलं, "तू एकदा माझ्या मागे बस. जानापावपर्यंत जाऊन येऊ. मग तू म्हणशील ती ठेवू. बाबांची म्हणालीस तर मी माझी विकेन, तोंड वाकडं करणार नाही."

मी मनात ठरवूनच बसले होते. ह्यांची ठेवायची. ती गाडी गेली तर ह्यांचं असं उरणार काय होतं?

थंडीतली सकाळ, लख्ख ऊन. स्टुलावर चढताना माझे गुडघे बोलले. सीट उंच, चिमुकली, पाय मागे दुमडलेले. लेकीचं हँडल खाली, म्हणून ती टाकीवर ओणवी, मांजर उडी मारायच्या आधी बसतं तशी. तिच्या डोक्यावरून मला सगळा रस्ता दिसत होता आणि सगळा वारा माझ्या छातीवर. "आई, वळणावर माझ्याबरोबर झुकायचं," ती ओरडली. "ताठ राहिलीस तर गाडी वळत नाही. हिला सगळं कळतं मागचं. तू नाक खाजवलंस तरी कळेल."

"मग तुझी गाडी माझी सासू झाली की!"

"बसलीस?"

मी दोन थापा दिल्या.

महू मागे पडेपर्यंत मी झुकायला शिकले. खरं सांगू, मजा वाटायला लागली होती. आणि मग, टेकडी दिसायला लागली तिथे, वारा थांबला.

म्हणजे गाडी तशीच पळत होती. बाजूची झाडं तशीच मागे जात होती, लेकीचं जॅकेट फडफडत होतं, मला दिसत होतं. पण माझ्या तोंडावर वारा नव्हता. समोर कोणीतरी रुंद माणूस येऊन बसावा तसं शांत. पडदे लावल्यासारखं. आणि त्या शांततेत लवंगेचा वास आला. मी हात पुढे केला. लेकीची पाठ होती तिथेच होती, खाली. मधे काही नव्हतं. मी हात मागे घेतला आणि टपरी येईपर्यंत हलले नाही.

टपरीपाशी लेकीने गाडी उभी केली, उतरली, मागच्या चाकाला लाथ मारून बघितली. मग वाकून बघितलं.

"काय झालं गं?"

"काही नाही. मागून जड झाली होती. पेट्या भरल्यासारखी." तिने माझ्याकडे बघितलं. "आपण पेट्या लावल्याच नाहीत ना?"

"नाहीत," मी म्हटलं. वाऱ्याचं मी तिला सांगितलं नाही. उगाच पोरीच्या डोक्यात भूत घालायचं नव्हतं.

चहा झाला. लेक हेल्मेट घालून गाडीवर बसली, इंजिन सुरू केलं. मी टपरीच्या खांबाजवळ उभी राहून स्कार्फ बांधत होते. लेकीने समोर बघत विचारलं, "बसलीस?" मी म्हणणार, थांब गं जरा, तेवढ्यात तिने मान हलवली, क्लच सोडला आणि गेली.

मी तशीच उभी. टपरीवाला तोच, आता म्हातारा झालेला. खो खो हसला. "फिर छूट गईं, माताजी?" मग गाडी गेली त्या बाजूला बघत राहिला आणि त्याचं हसू थांबलं. त्याने ग्लास विसळायला घेतले.

इंजिनाचा आवाज दूर गेला, मग बंदच झाला. आजूबाजूला इतकं शांत झालं की शेगडीतला कोळसा तडतडलेला ऐकू येत होता. मला ह्यांची भीती कधी वाटली नाही. तेव्हा वाटली. मनात म्हटलं, अहो, तिला कुठेही नेऊ नका. तिला परत पाठवा.

ती परत आली. हळू, पाय टेकत टेकत. हेल्मेट काढलं तर चेहरा पांढरा.

"आई, तू बसली होतीस."

"मी इथेच आहे."

"थापा दिल्यास तू. दोन. गाडी दबली खाली." तिने उजव्या खांद्यावर हात ठेवला. "वळण आलं, तू झुकेचना. एकदम ताठ. मी ओरडले, आई, झुक! सकाळपासून छान झुकत होतीस, आता काय झालं? म्हणून आरशात बघितलं."

"मग?"

"मागे कोणीच नाही. आणि गाडी तरी जडच."

वळणावर ताठ कोण बसतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. मी तिला आणखी एक चहा पाजला, साखर जास्त घालून. मग मागे चढून बसले, थापा दिल्या आणि वर तोंडानेही म्हटलं, "मी आहे. मीच आहे." राऊ येईपर्यंत वारा तोंडावर सपासप लागत होता. तो मी मुकाट खाल्ला.

गेटपाशी उतरल्यावर म्हटलं, "देपालपुरवाल्याला ये म्हण रविवारी."

"आई, नक्की? मी माझी विकायला तयार आहे."

"त्या गाडीवरून ते उतरलेत," मी म्हटलं. "आता रिकामी गाडी ठेवून काय करू?"

रविवारी ह्यांची गाडी गेली. नेताना तो भला माणूस म्हणाला, "माताजी, बड़े आराम की गाड़ी है, पीछे कोई बैठा हो तो पता ही नहीं चलता." मी म्हटलं, "हो भैया, म्हणूनच."

आता तिच्या जागी लेकीची उभी असते. मी तिच्यावर पुन्हा बसले नाही, जागा कोणाची ते मला ठाऊक आहे. सकाळी लेक ऑफिसला निघते, एकटीच, तेव्हा मी बाल्कनीत उभी राहते. ती हेल्मेटची काच खाली घेते, पण त्याआधी तिचे ओठ हललेले मला वरून दिसतात. मग थांबते. इंजिन चालू, पाय जमिनीवर, मान जराशी उजवीकडे. कधी पटकन निघते. कधी बराच वेळ तशीच थांबते, आणि मी कठडा धरून उभी असते, मागची सीट खाली दबते का ते बघत.