पिठाचे अभ्रे

माझा दादा बेकरीत भट्टीवर काम करतो. पूर्वी तो दुपारी घरी यायचा तो भुवयांपर्यंत मैद्याने माखून, म्हणून गल्लीतली पोरं त्याला 'भूत' म्हणायची. त्याची लेक चिमी धावत जाऊन त्या भुताच्या गळ्यात पडायची आणि लागोपाठ शिंका द्यायची. भूत नाकात गेलं, म्हणून आम्ही हसायचो.

दादा शाळेत कधी रमला नाही, पण पिठात हात घातला आणि माणूस मार्गाला लागला. बेकरीत त्याचा शब्द शेवटचा. घरीही शेवटचा, आणि तिथेच घोळ झाला. मैद्याची रिकामी कापडी पोती तो घरी आणायचा, वहिनी त्यांचे उशांना अभ्रे शिवायची. कापड मऊ आणि फुकटचं. फक्त ते धुवायचं नाही, ही दादाची सक्त ताकीद. पावाचे गोळे ज्या कापडावर फुगायला ठेवतात ते बेकरीत कधी धूत नाहीत, झटकून वाळवतात. पिठाला पाणी लागलं की खळ होते आणि कापडाचा पत्रा बनतो. एकदा वहिनीने अभ्रे भिजवायला घेतले तर हा ओरडला, "अगं, पिठातलं तुला जास्त कळतं की मला?" तिने बादली ओतून दिली. मग रोज हा स्वतः उशा झटकायचा, तेही चिमीच्या गादीवर उभा राहून. हौसच दांडगी.

चिमी झोपली की खोकायची, छातीत शिट्टी वाजायची. सगळ्यांचं बोट बोक्याकडे गेलं. एका डोळ्याने अधू असलेला तो बोका चिमीनेच जिन्याखालून उचलून आणला होता आणि तो तिच्या पायाशी झोपायचा. त्याचे केस हिच्या नाकात जातात, असं दादाने ठरवलं. त्याने ठरवलं म्हणजे ठरवलं.

मी म्हटलं, "दादा, आधी डॉक्टरला तरी दाखव."

"दुखणं घरात पाळून डॉक्टरला काय दाखवू?" म्हणाला, आणि बोक्याला पिशवीत घालून लांबच्या एका गोदामाच्या राखणदाराकडे देऊन आला. चिमी दोन दिवस धड जेवली नाही.

खोकला काही गेला नाही. उलट एका सकाळी तिला श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले, आणि दादा तिला उचलून अनवाणी दवाखान्यात धावला. ती सावरल्यावर तिथल्यांनी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

बाईंनी चिमीच्या हातावर वेगवेगळ्या अर्कांच्या थेंबांची रांग लावली, एकेका थेंबातून सुई हलकेच टोचली आणि थांबायला सांगितलं. दादा मांजराच्या थेंबाकडे डोळे लावून बसला होता. तिथली कातडी सपाटच राहिली. गव्हाच्या पिठाच्या थेंबाखाली मात्र टचकन गांधी उठली.

"पाव खाल्ल्यावर त्रास होतो का हिला?" बाईंनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली.

"मग पीठ श्वासातून जातंय. घरात कुठे उडतं?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीच बोलली, "उशीत."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दादा तिथून तडक गोदामावर गेला. राखणदार म्हणाला, "तो तर दुसऱ्याच दिवशी निघून गेला हो. मला वाटलं, घरी पोचला असेल."

आता दादा बेकरीतच आंघोळ करतो, कपडे बदलतो, मग घरी येतो. अभ्रे विकतचे, धुतलेले. चिमी तोंडाने औषधाचा पंप ओढते आणि शांत झोपते. दादा अजून येता-जाता उभ्या गाड्यांखाली वाकून बघतो. मला त्याचा राग होता, अजूनही थोडा आहे, पण त्याला असं रस्त्यात वाकलेलं बघवत नाही.

परवा चिमीने विचारलं, "बाबा, बोक्याला सोडताना तू त्याला काय सांगितलंस?"

"काही नाही गं."

"म्हणजे मी त्याच्यामुळेच खोकत होते, असं त्याला अजून वाटत असेल."

दादाने तिला जवळ ओढलं. तिला शिंक आली नाही. आणि ज्याचा शब्द घरात शेवटचा, त्याला एक शब्द सुचेना.