टेम्पोतून आणलेला अडुळसा

टेम्पो भरून उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आई परसात अडुळशाच्या फांद्या छाटत होती. गव्हाणच्या बाजूचा आपला पाडा त्या दिवशी उठला. जमिनी बांधकामाला गेल्या होत्या. कोणी देव घेतले, कोणी दरवाजे चौकटीसकट काढून घेतले. आईने मात्र ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळल्या आणि निघणाऱ्या प्रत्येक घराच्या हातात त्यातल्या थोड्या कोंबल्या. ड्रायव्हर हसून म्हणाला, "आजी, पनवेलला मेडिकल आहेत की!" आई म्हणाली, "आसतील रं. पन खोकला आमचा हाय, पाला बी आमचाच पायजे."

जानकीकाकू, तुम्ही आणि पाड्यातल्या बाकीच्या बाया दुसऱ्या टेम्पोत होतात. पुढे आमचं काय झालं ते तुम्हाला पुरतं माहीत नाही, म्हणून हे लिहितेय.

नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये परस नव्हतं, बाल्कनी होती. आईने रंगाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून काड्या लावल्या आणि रोज मन लावून पाणी घातलं. सगळ्या कुजल्या. डब्याला खालून भोक पाडावं लागतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. जन्मभर जमिनीत झाडं लावणाऱ्या बाईला ते सुचणार तरी कसं? ऑफिसच्या गडबडीत माझंही तिकडे लक्ष गेलं नाही. समोरच्या देशपांडे काकूंनी सांगितलं तोवर उशीर झाला होता. पुण्याहून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, मुलगा अमेरिकेत, बोलणं फटकळ. आईने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. "परक्या मान्साला कशाला दावायचा आपला नुस्कान?" एवढंच म्हणाली.

तुम्हाला आठवतं, दिवाळीनंतर गार वारं सुटलं आणि एका घरात ताप आला, की आई अंगणात मोठा टोप चढवायची. अडुळसा, तुळस, गवती चहा, सुंठ, मिरी, शेवटी गूळ. पाणी अर्ध्याहून खाली आटलं की सगळ्या पाड्याला पेलाभर. नाकं मुरडत प्यायचो, पण प्यायचोच.

इथे आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात आईला फ्लू झाला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण आई काही उठेना. जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. देशपांडे काकूंनी वाफेचं मशीन आणून दिलं, मी काढ्याची तयार पावडर आणली. आईने दोन्हीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला भीती वाटली. गाव गेलं ते गेलं, आता आई जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवलंच.

स्कूटी काढून अडुळसा शोधायला पाड्याकडे गेले. तिथे नुसता भराव, डंपर आणि पत्र्याचं कुंपण. मग रस्त्यातूनच तुम्हाला फोन केला, काकू. तुमच्या इमारतीमागे टाकीजवळ आईने दिलेल्या काड्यांचा अडुळसा चांगला उंच झालाय हे ऐकलं तेव्हा मी हायवेच्या कडेला उभी राहून रडले. तुम्ही दिलेला भारा पायाशी ठेवून घरी आले.

एकट्यापुरता काढा असला की पाला पिणाऱ्यानेच आपल्या मुठीने घ्यायचा, हा आपल्या पाड्याचा रिवाज. पोराची मूठ लहान, गड्याची मोठी. वेगळं माप लागत नाही. मी पाल्याने भरलेलं सूप आईपुढे धरलं. तिने मूठ भरली, तर जेमतेम चार-सहा पानं आली. ती आपल्या हाताकडे बघत राहिली. "येवराच?" म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी ठेवलं आणि वर झाकण घातलं. मागून आवाज आला, "झाकन काढ गो! आटंल कसा तो?" वळून पाहिलं तर स्वेटर घातलेली आई भिंतीला धरून उभी होती. गॅसपाशी आली, माझ्या हातातला चमचा काढून घेतला. त्या दिवशी ती पेजही जेवली.

उरलेल्या काड्या मी सोसायटीच्या कुंपणालगत थेट जमिनीत लावल्या. परवानगी घेतली का, असं सेक्रेटरींनी विचारलं. म्हटलं, "उपटा खुशाल, मी पुन्हा लावेन." त्यांनी उपटल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात देशपांडे काकू तापाने फणफणल्या. डॉक्टर येऊन गेल्यावर आईने खाली जाऊन फांद्या आणल्या, सूप उचललं आणि त्यांच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, "आई, त्यांना आवडायचं नाही." ती ऐकते थोडीच! पलंगाशी बसून काकूंना म्हणाली, "घ्या, तुमच्या मुठीनं घ्या." काकूंनी हात पुढे केला आणि मूठ भरली.

काढा उकळत असतानाच त्यांच्या मुलाचा अमेरिकेतून फोन आला. काकूंना बोलवेना, म्हणून मी स्पीकर लावला. तो फार घाबरला होता. "आईजवळ कोणी आहे का? एकटी आहे का ती?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. मी तोंड उघडायच्या आत आई फोनवर वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "येकटी कशी रं? आख्खा पाडा हाय हितं!"

खोलीत आम्ही तिघीच होतो. पण आईला ते खरंच वाटत होतं, आणि त्या क्षणापासून मलाही वाटतं.