काळे सर आणि आतलं मन

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. खिशाच्या कोपऱ्यात बारीक कचरा साठावा तसे ते साठत जातात. मग कधीतरी चार जुने सहकारी एकत्र येतात, एकजण खिसा उलटा करतो आणि संध्याकाळ कुठे गेली ते कुणालाच कळत नाही! मी मिरजगावला हायस्कुलात होतो तेव्हाचे किस्से असेच साठलेत. त्यांतले निम्मे तरी एकाच माणसामुळे घडले. विज्ञानाचे काळे सर!

ही एकाहत्तर-बहात्तर सालची गोष्ट. मी मूळचा अकोले तालुक्यातला, भातावर वाढलेला. मिरजगावात हिंदी शिकवायचो आणि भाकरी चावायला शिकत होतो. काळे सर दिवाळीच्या सुट्टीनंतर नगरहून परत आले ते एक जुनं इंग्रजी पुस्तक काखेत मारूनच. रद्दीतलं होतं. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे नाव कळेना, लेखक कळेना. विषय मात्र कळला. माणसाचं अंतर्मन!

"आपल्याला वाटतं, आपण घर चालवतो," सर स्टाफरूममध्ये सांगायला लागले. "छे! घर चालवणारा आतल्या खोलीत बसलाय. आपण नुसते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारतो."

"मग त्या आतल्याला बाहेर बोलवा की," पीटीचे भोस सर म्हणाले.

"तो येत नाही. आपणच दाराशी जाऊन त्याला नीट सांगायचं असतं."

झालं! त्या दिवसापासून आमची स्टाफरूम म्हणजे प्रयोगशाळा झाली.

* * *

पहिला प्रयोग भोस सरांनी अंगावर घेतला. कुस्ती खेळलेला गडी, पण झोपला की कुंभकर्ण. त्यांना एका कामासाठी पहाटेच्या एसटीनं नगरला जायचं होतं. घरात गजराचं घड्याळ नाही.

काळे सर म्हणाले, "झोपताना डोळे मिटून स्वतःला सांगा, 'उद्या पहाटे पाचला मला उठव.' बास. चिंता करायची नाही."

भोस सरांनी सांगितलं. आणि खरंच, पाचला टक्क जाग आली! एसटी मिळाली. संध्याकाळी परत आले ते स्टॅंडवरून थेट काळे सरांच्या घरी, पेढे घेऊन.

आठवड्याभरानं बघतो तर भोस सरांचे डोळे लाल, चेहरा सुकलेला. रोज पहाटे पाचला जाग येत होती. रविवारी पाचला! सुट्टीच्या दिवशी पाचला! एकदा उठले की झोप नाही, म्हणून वहिनींना हाका मारायच्या. वहिनी वैतागून म्हणाल्या, "तुमचं अंतर्मन उठतंय तर उठू दे. माझं झोपलेलं बरंय!"

भोस सर तक्रार घेऊन आले. "सर, मी तर फक्त 'उद्या' म्हटलं होतं!"

काळे सरांनी जरा विचार केला. "तिथंच चूक झाली, भोस. आतल्याकडे कॅलेंडर नाही. त्याला रोजच उद्या असतो!"

* * *

मला या सगळ्यावर विश्वास नव्हता. पण एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडली.

मी वेशीजवळची खोली सोडून हायवेच्या बाजूला राहायला गेलो होतो. जुन्या खोलीत शेतकी खात्यातला एक कारकून आणि त्याची म्हातारी आई आले. एके दिवशी मी शाळेतून निघालो. डोक्यात घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेचे प्रश्न घोळत होते. घरी पोचलो, टोपी खुंटीला अडकवली, बाजेवर टेकलो. समोर चहा आला. मी कपाला तोंड लावलं आणि एकदम लक्षात आलं, की मी तर एकटा राहतो. मग चहा केला कुणी?

वर बघतो तर म्हातारी! मी पायांच्या सवयीनं सरळ जुन्या खोलीत येऊन बसलो होतो. तोंडचं पाणीच पळालं.

"माफ करा आजी! चुकून आलो. पुन्हा असं होणार नाही."

आजी शांतपणे म्हणाल्या, "आसू द्या मास्तर. कालबी आलता तुमी. साखर कमी हाय म्हनून सांगून गेल्ता. आज जास्ती टाकलीया, बगा."

* * *

काळे सरांना मात्र स्वतःवर प्रयोग करायचं धाडस बराच काळ होत नव्हतं. शेवटी केला तो एका कुत्र्यामुळे. शाळेच्या वाटेवर एक पिवळं कुत्रं रोज त्यांच्या सायकलमागे लागायचं. सर पाय वर घेऊन हॅंडलवर ठेवायचे आणि सायकल जिकडे नेईल तिकडे जायचे. एकदा तर थेट बाभळीत गेले.

मग सर सायकलवर मोठ्यानं घोकायला लागले, "मला कुत्र्याची भीती वाटत नाही! मला कुत्र्याची भीती वाटत नाही!" लोक ओट्यावरून बघायचे. भीती मात्र वाढतच गेली. सरांनी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. तिथं उत्तर मिळालं. आतल्या मनाला 'नाही' हा शब्द ऐकूच येत नाही म्हणे. 'भीती नाही' म्हटलं, तरी त्याला नुसतं 'भीती' ऐकू येतं!

म्हणून वाक्य बदललं. "कुत्रा माझा मित्र आहे."

हे मात्र लागू पडलं. सरांचे पाय पेडलवर राहिले, चेहरा हसरा झाला, हळूहळू खिशात भाकरीचा तुकडाही आला. कुत्र्यानं भुंकणं सोडलं आणि सरांची पाठ धरली. एका सकाळी ते त्यांच्यामागोमाग नववीच्या वर्गात शिरलं आणि टेबलाखाली बसून राहिलं. नेमके त्याच वेळी हेडमास्तर राउंडला आले. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

"काळे, तुमच्या मित्राची हजेरी कोणत्या तुकडीत मांडायची?"

* * *

किल्लीचा किस्सा तर गावात अजून सांगतात.

आमचे हेडक्लार्क साठेभाऊ स्वभावानं अतिशय काटेकोर. त्यांच्याकडून प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली हरवली. परीक्षा दुसऱ्या दिवसावर आलेली! टेबलं हलवली, सतरंज्या झटकल्या, कोट दोनदा उलटा केला. साठेभाऊ रडायच्या बेताला आले.

काळे सरांनी त्यांना हाताला धरून बसवलं. "शोधणं बंद करा. किल्ली कुठे ठेवली ते तुमच्या आतल्याला ठाऊक आहे. तुम्ही आरडाओरडा करताय म्हणून तो बोलत नाही." मग चित्रकलेच्या गायकवाड सरांकडून खडू घेतला आणि साठेभाऊंच्या हातात दिला. "डोळे मिटा. हात जाईल तसा जाऊ द्या. फळ्यावर काहीही काढा."

साठेभाऊंचा हात फळ्यावर फिरला. गोल पोट निघालं, वर आखूड गळा निघाला.

"रांजण!" गायकवाड सर ओरडले.

सगळे व्हरांड्यातल्या पाण्याच्या रांजणाकडे धावले. मागे बघितलं, खाली बघितलं. काही नाही. साठेभाऊंनी झाकण काढलं आणि आत डोकं घालून वाकून पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशातून काहीतरी निसटलं. डुबुक!

हात घालून बाहेर काढलं. किल्लीच होती! सगळी शाळा पालथी घातली, कोट दोनदा उलटा केला, पण कोटाच्या आतल्या शर्टाचा खिसा कुणी बघितलाच नव्हता.

आम्ही पोट धरून हसत होतो. काळे सर मात्र गंभीर. "हसता काय? रांजणात सापडली की नाही?"

* * *

सगळेच किस्से हसण्याचे नव्हते.

चित्रकलेचे जोसेफ गायकवाड सर म्हणजे सहा फुटी माणूस, आवाज दणदणीत. चर्चमध्ये ते गायला लागले की पत्रे हलतात, असं भोस सर म्हणायचे. पण शाळेत फिनेलनं फरशी पुसली, की या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. वास झोंबतो म्हणावं, तर इतर कुठला उग्र वास त्यांना बाधायचा नाही. आणि नुसतं पाणीही नाही. हुंदका फुटायचा, हातातला खडू खाली ठेवायचे. ते व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभे राहायचे.

काळे सरांनी एकदा विचारलं, "लहानपणी काही घडलं होतं का?"

"काही आठवत नाही, सर."

नाताळात गायकवाड सरांची आई नगरहून आली. आम्ही फराळाला गेलो होतो. काळे सरांनी सहज फिनेलचा विषय काढला. म्हातारी करंज्या वाढत होती, तिचा हात थांबला.

"ह्यो दोन वर्साचा हुता," ती म्हणाली. "घटसर्प झाल्ता. दवाखान्यात साथीच्या रोगाचा वॉर्ड न्यारा, तिथं आयांना सोडत न्हवते. मी रोज खिडकीखाली हुबी ऱ्हायची. ह्यो आत रडायचा, म्या भाईर. सारा वॉर्ड फिनेलनं धुतल्याला आसायचा. घरी आला तवा मला वळखंनाच. म्या त्याला हे कदी सांगितलं न्हाई. कशाला सांगायचं?"

गायकवाड सर आईकडे बघतच राहिले. मग ताटावरून उठले आणि तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसले. 

सुट्टी संपली. शाळेत फिनेलनं फरशी पुसली आणि गायकवाड सर व्हरांड्याच्या टोकाला गेले. काळे सर धावत मागे गेले. "अहो, आता तर कारण कळलंय ना!"

गायकवाड सर डोळे पुसत हसले. "मला कळलं, सर. डोळ्यांना अजून कळायचंय."

* * *

आता शेवटचा किस्सा. हा सांगताना काळे सरही आवाज खाली आणायचे.

बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, शिवारात हिरवं पान नाही. अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. आमच्या शाळेमागच्या वस्तीतली पारूबाईही जायची. चांगली वर्षं असताना ती बाजारात मेथी आणि कांदे विकायची. तिचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचा. कामावर गेल्यापासून तो आवाज बसला. आणि एका सकाळी तिचा उजवा हात उचलेना.

लुळाच पडला. खांद्यापासून नुसता लोंबायला लागला. नवऱ्यानं, नानानं, तिला कर्जतला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टोचून बघितलं, ठोकून बघितलं. म्हणाले, "हाड ठीक, शीर ठीक. हाताला काही झालेलं नाही." मग देवऋषी झाला, अंगारा झाला. हात तसाच. खडी फुटेना, भाकरी थापता येईना, डोक्यावर पाटी घेता येईना.

काळे सरांची कीर्ती वस्तीत पोचलेलीच होती. नाना शाळेत आला. "सर, तुमी आतल्या मनाचं काय करता म्हनं. हिचं तेवडं बगा."

सरांचा चेहरा उतरला. "अरे बाबा, मी शाळामास्तर. वैद्य नाही." पण नाना दारातून हलेना. शेवटी सर निघाले, मला बरोबर घेऊन.

पारूबाई भिंतीला टेकून बसली होती. सरांनी पुस्तकातलं काही काढलं नाही. पाणी प्यायले, मेथीच्या वाफ्याची विचारपूस केली. मग हळूच म्हणाले, "पारूबाई, या हाताला काय करावंसं वाटतंय?"

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "मला कोन इचारतंय?"

"कामावर काही झालं का?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "न्हाई."

एवढंच. आम्ही निघालो. शाळेच्या फाटकाशी आल्यावर सर म्हणाले, "मास्तर, ही 'न्हाई' म्हणाली ना, तेव्हा त्या लुळ्या हाताची मूठ वळली होती. पाहिलंत?" मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी आणि काळे सर भाजी घ्यायला गेलो. भाजी तरी कसली, चार सुकलेली वांगी. पारूबाई आणि नाना रेशनच्या लाल मिलो ज्वारीची पिशवी घेऊन समोरून येत होते. पिशवी नानाच्या खांद्यावर, पारूबाईचा हात पदराखाली झाकलेला. तेवढ्यात खडीच्या कामावरचा मुकादम पुढे आला. पांढरं धोतर, तोंडात पान. तो नानाशी बोलत होता, पण बघत होता पारूबाईकडे.

"काय नाना, बायको बरी झाली का न्हाई? उद्यापास्नं धाडून दे तिला. खडी फोडाया नगं. माझ्या तंबूत पानी भरायचं हलकं काम दिऊ तिला. व्हय का न्हाई, पारू?"

असं म्हणून त्यानं तिच्या दंडाला धरलं.

पदर बाजूला झाला. तो लुळा हात खांद्यापासून वर आला, पार मागे गेला, आणि असा काही आवाज झाला की पलीकडच्या बाजूचा बांगडीवालाही उठून उभा राहिला. मुकादमाचं पान तोंडातून उडून त्याच्याच धोतरावर पडलं.

 मुकादम गाल धरून गर्दीकडे बघत होता. एकही माणूस त्याच्या बाजूला सरकला नाही. बायका मात्र एकेक करत पारूबाईच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मुकादम आला तसा निघून गेला.

नाना बायकोच्या तोंडाकडे बघतच राहिला. मी काळे सरांच्या बाहीला धरून विचारलं, "सर, हे काय झालं?" सरांनी नुसतं तिच्या हाताकडे बोट केलं.

पारूबाईनं हात डोळ्यांसमोर धरला. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. त्याच हातानं पदर सारखा केला. नवऱ्याच्या खांद्यावरची पिशवी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली, आणि भर बाजारात पूर्वीच्या खणखणीत आवाजात ओरडली, "चला, वाट सोडा!"