चौथी रचना आणि वकीलबाईंचं टेबल

सुताराच्या दुकानामागं जी लांबट खोली आहे, तिथं पॉलिशवाला काम करतो. खोलीला उत्तरेकडं एकच मोठी खिडकी. ऊन आत येत नाही, उजेड मात्र भरपूर येतो. लाकडाची खरी परीक्षा अशाच उजेडात होते. तीस वर्षांत त्याच्या नखांमध्ये लाखेचा तांबूस रंग कायमचा मुरला. लग्न झाल्यावर बायको पहिल्यांदा जेवण वाढताना म्हणाली होती, "आधी हात धुऊन या." तो म्हणाला, "धुतलेतच."

बोलायला हा माणूस फार कंजूष. जेवण खारट झालं तरी 'छान', अळणी झालं तरी 'छान'.

त्याचा धाकटा भाऊ गिटार वाजवतो. पन्नाशीला टेकला तरी घरात तो धाकटाच. मोठ्या हॉटेलात, लोक जेवत असतात तेव्हा कोपऱ्यात बसून स्मूद जॅझ, म्हणजे संथ, मऊ सुरावटी वाजवायच्या, यावर त्याचं पोट. काटे-चमचे किणकिणतात, गप्पा रंगतात, आणि त्यातून याचे सूर अंग चोरून वाट काढतात. सहा वर्षं खपून त्यानं आपला नवा अल्बम केला. नऊ रचना. शुक्रवारी तो निघायचा होता, आणि मंगळवारी सकाळी धाकटा तोंड पाडून पॉलिशच्या खोलीच्या दारात उभा.

"दादा, अल्बम काढणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, मस्त जमलंय, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांना ऐकवायला उत्तम."

"मग वाईट काय म्हणाला?"

"अरे, म्हणजे कुणी लक्ष दिलं नाही तरी चालेल असं! सहा वर्षं मी रिकाम्या खुर्च्यांसाठी वाजवलं का? उद्या दुपारपर्यंत सांगितलं तर अल्बम थांबवता येतो. तू ऐक आणि खरं सांग. फक्त 'छान' म्हणायचं नाही. तो शब्द आज बंद."

वहिनी डबा घेऊन मागून आत येत होती. "भावोजी, मग यांना बोलायला शिल्लक काय राहिलं?"

काम बाजूला ठेवून ऐकणं दादाला शक्य नव्हतं. वकीलबाईंचं अक्रोडी टेबल संध्याकाळी जायचं होतं, पॉलिशचा शेवटचा हात बाकी होता. धाकट्यानं खिडकीत स्पीकर ठेवला आणि स्टुलावर बसून तो दादाच्या तोंडाकडं बघत राहिला.

पहिली रचना सुरू झाली. गिटारचा आवाज गोल, कडा घासून काढल्यासारखा. खाली बासची संथ पावलं, ड्रमवर नुसता ब्रश फिरतोय, जणू कुणी भल्या सकाळी अंगण लोटतंय. दादाच्या हातातला फडक्यात गुंडाळलेला कापसाचा बोळा त्या लयीत फिरू लागला. लाख लाकडावर काचेसारखी बसत गेली. दुसरी झाली, तिसरी झाली. दादाच्या चेहऱ्यावर काही नाही. धाकटा नखं खायला लागला.

मग चौथी. तिला कुठं जायची घाई नाही. चार सूर पायऱ्या उतरावेत तसे उतरतात, पाचवा येणार असं वाटतं, आणि गिटार गप्प होते. बास एकटाच चालत राहतो, अंधारात घर शोधावं तसा. मग पाचवा सूर येतो तो भलतीकडूनच, वरून, अगदी हलके. आणि वाटतं, याची जागा हीच, दुसरीकडं कुठं जाणार होता हा?

दादाचा हात थांबला होता.

या धंद्यात एवढी एकच गोष्ट करायची नसते. ओला बोळा फिरता ठेवायचा. थांबला की खालची लाख विरघळते आणि बोळा चिकटतो. नवशिक्याची पहिल्या आठवड्यातली चूक. रचना संपली, दादा भानावर आला, बोळा उचलला तर चर्रकन आवाज झाला. टेबलाच्या मधोमध तळहाताएवढा खरबरीत चट्टा, त्यात फडक्याची वीण उमटलेली.

धाकटा ताडकन उठला. "दादा! काय केलंस हे?"

"मी कुठं केलं? तुझ्या चौथीनं केलं."

"अगं बाई!" वहिनी वाकून बघत म्हणाली. "लेक झाल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा यांनी हात पुरा करून मग बोळा खाली ठेवला होता. भावोजी, मी ते अजून ऐकवते यांना."

धाकटा पुन्हा स्टुलावर बसला. "ही चौथी मी काढूनच टाकणार होतो," तो म्हणाला. "फार रिकामी आहे म्हणतात."

"म्हणू देत. तिला हात लावशील तर याद राख."

"आणि पहिल्या तीन?"

"त्या चालू होत्या तेव्हा टेबल बघितलंस का? असा सलग हात माझा महिनाभरात फिरला नव्हता. दवाखान्यात बसलेल्या माणसाचा जीव तेवढा सलग झाला, तर तुझं काय बिघडलं?"

धाकटा स्टुलावरून उठला. मग बाहेर जाऊन त्यानं फोन लावला. "शुक्रवारीच निघू दे," तो म्हणत होता. "हो, नऊच्या नऊ. चौथी आहे तिथंच."

दादानंही वकीलबाईंना फोन केला. "बाई, टेबल परवा मिळेल. नाही, लाकूड ठीक आहे. गाणं ऐकत बसलो होतो." पलीकडून बाई काय म्हणाल्या कोण जाणे, पण दादा कानापर्यंत लाल झाला.

धाकटा बाह्या सरसावत आत आला. "दे, घासून देतो."

"ओल्यावर घासतोस? उद्या सकाळपर्यंत त्याला बोटसुद्धा लावायचं नाही."

"मग आता?"

दादानं खोलीभर नजर फिरवली. दुसरं काम नव्हतं. त्यानं बोळा डब्यात बंद केला, स्टूल ओढून खिडकीपाशी घेतलं आणि तांबड्या नखांचे रिकामे हात मांडीवर ठेवून बसला.

"लाव पाचवी," तो म्हणाला.