रसूल मिस्त्रींची बोटं

अंथुर्ण्यात बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला रसूल मिस्त्रींचं गॅरेज आहे. गॅरेज आपलं म्हणायचं. पत्र्याची शेड, पुढं चिंच, मागं दोन खोल्यांचं घर, आणि शेडमधून घरात जायला एक दार, ते दिवसभर सताड उघडं. पाटी नाही. थोरल्या लेकीनं, जास्मिननं, एकदा हौसेनं लाकडी पाटी रंगवून आणली होती. मिस्त्रींनी चार दिवसांत ती गाडीखाली झोपायला अंथरली. पाठीला बरी पडते, म्हणाले. त्यानंतर लेकीनं तो नाद सोडला.

पाटीची गरजही नव्हती. पिकअपचं स्टिअरिंग ढिलं झालं की कन्हेरीपासून पळसदेवपर्यंतचे ड्रायव्हर सरळ इथं येतात. बाकी कशाला मिस्त्री हात लावत नाहीत. इंजिन धूर सोडू दे, क्लच जळू दे, त्यांना सोयरसुतक नाही. पण स्टिअरिंगच्या खोडीवर त्यांचं राज्य, आणि ते राज्य दहा बोटांवर चालायचं. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जोड पुष्कळ. त्यातला नेमका कुठला ढिला, ते डोळ्यांना दिसत नाही. एकानं वर बसून स्टिअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हलवायचं आणि दुसऱ्यानं गाडीखाली झोपून एकेका जोडावर बोटं ठेवत जायचं. ज्या जोडात खेळ असेल तो बोटांखाली टचकन हलतो. केसाएवढा खेळ असला तरी मिस्त्रींना कळायचा. पान्याला हात लावायच्या आधीच ते खालून सांगायचे, "डाव्या अंगाचा भाईरला जॉइंट," आणि तोच निघायचा.

वर बसायला मात्र त्यांना कुणी ड्रायव्हर चालत नसे. "ह्यो स्टेरिंग हलवत न्हाय, बैल दामटतोय," म्हणून त्यांनी भल्याभल्यांना खाली उतरवलंय. वर बसायच्या त्या लैलाभाभी, त्यांच्या बायको. लग्नाला दोन महिने झाले असतील-नसतील, तेव्हा मिस्त्रींनी पीठ मळणाऱ्या नव्या नवरीला बाहेर बोलावलं आणि एका ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्याला आता एकतीस वर्षं झाली. लैलाभाभींनी उभ्या आयुष्यात एक गाडी चालवलेली नाही, साधी लुना नाही, पण त्यांनी जिचं स्टिअरिंग धरलं नाही अशी पिकअप ह्या रस्त्याला हुडकावी लागेल. "हळू", "अजून हळू", "थांब", एवढं खालून ऐकू आलं की त्यांचे हात आपोआप चालायचे. मिस्त्रींच्या मते त्यांचं काम तेवढंच. शहाणा माणूसही कधीकधी किती खुळा असतो, बघा.

गेल्या पावसाळ्यात मिस्त्रींची बोटं गेली. गेली म्हणजे जागेवर होती, पाना धरत होती, नट फिरवत होती, पण त्यांना काही कळेनासं झालं. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही बंद झाल्या. बारामतीच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून विचारलं, "कळतंय का?" मिस्त्री म्हणाले, "टोचली का?" साखर बारा वर्षांची जुनी, त्यात पथ्याच्या नावानं बोंब. डॉक्टर म्हणाले, साखर आवरा, आहे तेवढं टिकेल. गेलेलं परत येईल असं काही ते बोलले नाहीत. घरी येऊन मिस्त्रींनी सांगितलं, "गोळ्या वाढवल्यात," आणि विषय मिटवला. बोटांचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच.

मग सुरू झाली फसवाफसवी. काम कानांवर, डोळ्यांवर आणि अनुभवावर निभत होतं. बहुतेक गाड्यांना रोग एकच, चाकाजवळचे जोड झिजलेले. ते बदलले की गाडी खूश, ड्रायव्हर खूश. पण एक ना एक दिवस अशी गाडी येणार, जिचा रोग बोटांशिवाय सापडायचा नाही, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. त्या गाडीच्या भीतीनं त्यांना सकाळचा घास गोड लागत नव्हता. रसूलच्या हातात आता काही राहिलं नाही, असं एकदा रस्त्यानं म्हटलं की संपलं. दुसरं काही त्यांना येतही नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

ती गाडी जानेवारीत आली. पळसदेवच्या दत्तोबाची पिकअप. दत्तोबा उजनीच्या पाण्यातली मासळी रोज सकाळी बारामतीला घेऊन जातो. मागं बर्फात भरलेले खोके आणि शेजारी विकायला बसणारी बायको, विजयमाला.

"मिस्त्री, गाडी माझं ऐकत न्हाय बगा," तो उतरता उतरताच म्हणाला. "स्टेरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला खबर न्हाय. परवा उसाच्या ट्रॉलीला घासता घासता वाचलो. ईजूनं डोळंच मिटलं. म्हनली, गाडी नीट झाल्याबिगार मी काय बसायची न्हाय."

"आदी कुनाला दावली हुती?"

"दोन ठिकानी. जॉइंट समदं नवं टाकलं. चार दिस बरं वाटलं, फिरून हाय तसंच."

जोड नवे, आणि तरी ढिलं. हाच तो बोटांचा रोग, मिस्त्रींनी ओळखलं. त्यांनी दत्तोबाला समोरच्या टपरीवर चहाला धाडलं, लैलाभाभींना हाक मारली आणि पाटीवर पाठ टेकून गाडीखाली सरकले.

"हळू," ते म्हणाले.

वर स्टिअरिंग हललं. मिस्त्रींनी पहिल्या जोडावर बोटं ठेवली. काही नाही. दुसऱ्यावर ठेवली. काही नाही. जोडात खेळ नाही म्हणून काही नाही, की बोटांत जीव नाही म्हणून काही नाही, हेच त्यांना उमगेना. त्यांनी तळहात लावून पाहिला, मनगट लावून पाहिलं. बॅटरीच्या उजेडात डोळे फाडून पाहिलं, तर सगळीकडं धरणाकाठचा चिखल वाळून बसलेला. बारीक 'खट' असा आवाज येत होता, पण लोखंडाचं असं की आवाज एका जागी होतो आणि चार जागी ऐकू येतो. पाऊण तास गेला. ऐन थंडीत सदरा घामानं भिजला.

आणि मग मिस्त्रींनी करू नये ते केलं.

स्टिअरिंगच्या बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो पिळला की आतले दाते एकमेकांना घट्ट धरतात आणि ढिलेपणा झाकला जातो. रोग जागेवर, वरून पांघरूण. चार दिवस गाडी शहाण्यासारखी चालते आणि पुढं कुठल्यातरी वळणावर स्टिअरिंग अडकून बसतं. असं करणाऱ्या कारागिरांना मिस्त्री 'स्क्रूपिळे' म्हणायचे आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आज ते स्वतःच बाहेर आले, बॉनेट उघडलं. उघड्या बॉनेटच्या आड बायकोला आपण दिसत नाही, हे त्यांना बरंच वाटलं. त्यांनी पाना लावला. अर्धा फेरा दिला. मग आणखी थोडा.

"हलव गं."

स्टिअरिंग एकदा हललं आणि थांबलं.

"अवो," केबिनमधून आवाज आला. "स्क्रू पिळला का तुमी?"

 लैलाभाभी खाली उतरल्या आणि पुढं येऊन उभ्या राहिल्या.

"मधी आलं की जड लागतंया. आन् ते खट हाय तितंच हाय. मला काय एवढंबी कळत न्हाय व्हय?"

एकतीस वर्षांत स्टिअरिंगबद्दल त्या आज पहिल्यांदा बोलत होत्या. कारण इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि दोन्ही हात बायकोपुढं धरले. "बोटं मेलीत गं माझी. पावसाळ्यापास्नं. कायबी कळंना."

आता ही रडेल, नाहीतर भांडेल, असं त्यांना वाटलं.

"ठावं हाय मला," लैलाभाभी म्हणाल्या.

"कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? दिवाळीच्या सुट्टीत पोरी आल्या हुत्या, तवा तापल्या कढईचा कान धरून गप्पा मारीत हुता. फोड आला तरी तुमास्नी पत्त्या न्हाय. तवापास्नं तुमचा चहा मी निववून आनती. तुमी आपलं रोज बोंबलताय, चहा गार, चहा गार."

खरंच की. दोन महिने रोज सकाळी मिस्त्री त्या चहावरून कटकट करत होते, आणि ती माउली मुकाट्यानं ऐकून घेत होती. मिस्त्रींना इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हनून वाट बघत हुती."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते तेलकट बाहीनं पुसलं आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला. लैलाभाभींनी पदरानं तो पुसला.

"आदी त्यो स्क्रू हुता तसा सोडवा," त्या म्हणाल्या, "आन् वर बसा."

त्यांनी पदर खोचला, रस्त्याकडं एकदा नजर टाकली आणि पाटीवर झोपून गाडीखाली सरकल्या. मिस्त्री स्क्रू सोडवून सीटवर बसले. स्टिअरिंग धरून हलवलं.

"अवो हळू! बैल दामटताय का?"

मिस्त्री ओशाळले. त्यांनी हात सैल सोडले आणि वरून सांगायला लागले. "चाकापास्नं सुरवात कर. जोडावर नुसती बोटं ठेव, दाबू नगंस. दाबलं की कळत न्हाय."

"ह्यो गप हाय," खालून आलं. मग, "ह्योबी गप हाय." एकेक करत लैलाभाभी सगळे जोड तपासत पुढं सरकल्या. सगळे गप. शेवटी मिस्त्री म्हणाले, "आता बॉक्स बसवलाय तितं बघ. चेसीवर."

लैलाभाभी बॉक्सपाशी सरकल्या.

"परत हलवा. अजून हळू." आणि मग एकदम, "अवो, सापडलं! जोड न्हाय हलत, चेसीचं लोखंडच हलतंया. चिखलाखाली उघडमीट हुतीया बगा."

मिस्त्री उडी टाकूनच खाली आले. स्क्रूड्रायव्हरनं चिखल खरवडला, तर बॉक्सच्या बोल्टांपाशी चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, बोटभर लांब चीर. मासळी भरायला दत्तोबा गाडी रोज धरणाच्या पाण्यात घालायचा, त्यानं लोखंड आतून गंजत गेलं होतं. ज्याच्यावर सगळं स्टिअरिंग उभं, तेच हलत होतं, मग जोड बदलून काय कप्पाळ होणार? असंच चाललं असतं तर एखाद्या खड्ड्यात बॉक्स सुटून खाली आला असता. आणि ही गाडी मिस्त्री स्क्रू पिळून सोडणार होते. नीट झाली म्हणून विजयमाला विश्वासानं शेजारी बसली असती. मिस्त्री तिथंच जमिनीवर बसले. लैलाभाभीही शेजारी बसल्या. 

पुढचं काम डोळ्यांचं आणि ताकदीचं होतं, आणि ते मिस्त्रींकडं अजून शाबूत होतं. त्यांनी बॉक्स उतरवला, गंज घासून काढला, चीर पुढं सरकू नये म्हणून तिच्या टोकांना भोकं पाडली, वेल्डिंग केलं, वरून जाड पट्टी मारली, आणि स्क्रू जिथं असायला हवा तिथं आणून ठेवला. दुपार टळली. दत्तोबा लासुर्ण्यापर्यंत चक्कर मारून आला तो हसतच.

"वाऽ मिस्त्री! नुसत्या बोटावर चालतीया. तुमच्या हाताला तोड न्हाय."

इथं मिस्त्री गप्प बसले असते तरी चाललं असतं. लैलाभाभी दारात हात पुसत उभ्या होत्या, त्यांनी जन्मात तोंड उघडलं नसतं. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडं बघितलं.

"हात माझा न्हवं, दत्तोबा," ते म्हणाले. "माझ्या बोटास्नी आता कायबी कळत न्हाय. मी तर स्क्रू पिळून तुला वाटंला लावनार हुतो. चीर हिनं हुडकली."

दत्तोबा आधी मिस्त्रींकडं बघत राहिला, मग भाभींकडं. त्यानं वाकून ती पट्टी पुन्हा एकदा पाहिली. संपलं, मिस्त्रींच्या मनात आलं, उद्या रस्ताभर होणार. दत्तोबा उठला आणि मान खाजवत म्हणाला, "ईजूला सांगतो, गाडी भाभींनी तपासलीया. मी सांगून बसत न्हाय ती. आता लगीच बसंल."

रस्ताभर तर झालंच. अशा गोष्टींना पाय फुटायला वेळ लागत नाही. आठवड्यानं कन्हेरीचा एक ड्रायव्हर पिकअप घेऊन आला. मिस्त्री चिंचेखाली नट-बोल्ट साफ करत बसले होते.

"बगा की मिस्त्री, लई ढिलं झालंया."

मिस्त्री जागचे हलले नाहीत. "बसा वाईच. बघनारी आत जेवतीया."

"तवर तुमी तरी नजर टाका."

"न्हाय. तिचं जेवन हुंदे निवांत," मिस्त्री म्हणाले, आणि गाडीचं दार उघडून स्टिअरिंगवर जाऊन बसले.